इंदूरहून व्हीलचेअरने विमानप्रवास: सेवा फुकट आहे, पण नीट मागावी लागते

लोकमान्य नगर, सुदामा नगर, राजेंद्र नगर, रामबाग. इंदूरच्या या वस्त्यांतल्या मराठी घरांत हल्ली एक गोष्ट सारखीच दिसते: आई-बाबा इथे, मुलं पुण्याला नाहीतर बंगळुरूला. रेल्वेची रात्र गुडघ्यांना झेपत नाही, म्हणून मुलगा तिकडून विमानाचं तिकीट काढतो, व्हीलचेअरच्या चौकोनावर टिचकी मारतो आणि निश्चिंत होतो. पुढे जो घोळ होतो तो बहुतेक वेळा त्या टिचकीपासूनच सुरू झालेला असतो.

हे परीक्षण कुठल्या एका विमान कंपनीचं नाही. बिजासन टेकडीजवळच्या देवी अहिल्याबाई होळकर विमानतळाच्या दारापासून ते उतरल्या गावी गाडीत बसेपर्यंत जी साखळी चालते, तिचं आहे. आमचं मत आधीच सांगून टाकतो. नियम भक्कम आहेत. इंदूरहून निघताना सेवा बरी मिळते, कारण टर्मिनल आटोपशीर आहे. उतरताना ती सर्वांत कच्ची असते. आणि बुकिंगमध्ये चुकीची माहिती गेली असेल, तर विमानतळावरचा कितीही चांगला माणूस फार काही करू शकत नाही.

टिचकीमागचं अक्षर

विमान कंपन्यांच्या यंत्रणेत ‘व्हीलचेअर’ नावाची एकच गोष्ट नसते. तीन वेगवेगळ्या गरजांना तीन कोड आहेत आणि तिन्हींची सुरुवात डब्ल्यूसीएच अशी होते. शेवटचं अक्षर महत्त्वाचं.

आर म्हणजे रॅम्प. या प्रवाशाला लांब चालवत नाही, पण तो जिना चढू शकतो आणि विमानात आपल्या पायांनी सीटपर्यंत जाऊ शकतो. एस म्हणजे स्टेप्स. याला जिना चढवत नाही. मात्र विमानाच्या दारातून सीटपर्यंत तो धरून-धरून चालत जाईल. सी म्हणजे केबिन. याला अजिबात चालता येत नाही, सीटपर्यंत न्यावं लागतं आणि सीटवर उचलून बसवावं लागतं.

बऱ्याच वेबसाइटवर व्हीलचेअर निवडली की पुढे एक छोटा प्रश्न येतो, प्रवासी पायऱ्या चढू शकतो का असा. आपल्याकडे याचं उत्तर खरं दिलं जात नाही. ‘तशी आई चढते हो हळूहळू, कठड्याला धरून,’ असं म्हणून मुलगा ‘हो’ दाबतो. झाला आर. काही ठिकाणी हा प्रश्नच विचारत नाहीत आणि आपोआप आर पडतो. मग विमान एअरोब्रिजला (टर्मिनलपासून विमानाच्या दारापर्यंतचा बंद पूल) लागलं तर काहीच अडत नाही. खुर्ची थेट दारापर्यंत जाते. पण विमान लांबच्या स्टँडवर उभं असलं, तर आई बसने किंवा खुर्चीने शिडीच्या पायथ्याशी पोचते आणि खालचा कर्मचारी तिच्या उठण्याची वाट पाहत उभा राहतो. त्याच्या यादीत आर आहे, म्हणजे ही बाई चढणार. त्याचंही चुकत नाही.

एअरबस ए३२० चं दार जमिनीपासून सव्वातीन-साडेतीन मीटरवर असतं, म्हणजे घराचा एक अख्खा मजला. शिडी लोखंडी, उघडी, पावसात ओली. घरचा जिना चढणारी माणसंसुद्धा इथे अर्ध्यावर थांबतात, आणि मागे दीडशे प्रवासी उभे असतात. म्हणून आमचा नियम सोपा आहे: वाटेत न थांबता एक मजला चढता येत असेल तरच आर, नाहीतर एस. यात लाज वाटण्यासारखं काही नाही. एस लिहिलं की खालच्या लोकांना आधीच कळतं, की या प्रवाशासाठी अँबुलिफ्ट (खोका वर उचलणारी गाडी) किंवा उताराचा रॅम्प लावायचा आहे.

इंदूरच्या बाबतीत आणखी एक गोष्ट पाहायची, ती म्हणजे विमान कोणतं आहे. पुणे, मुंबई, दिल्लीसारख्या मार्गांवर बहुधा ए३२० जातीची मोठी विमानं असतात. छोट्या मार्गांवर पंख्याचं एटीआर ७२ असू शकतं. ते एअरोब्रिजला लागत नाही. त्याचं प्रवासी दार मागच्या बाजूला असतं आणि पायऱ्या त्या दारातच बसवलेल्या. उंची कमी, जेमतेम सव्वा मीटर, त्यामुळे लोकांना वाटतं सोपं आहे. पण पायऱ्या अरुंद आणि उभ्या असतात, आणि दोघांनी दोन बाजूंनी धरून चढवायला तिथे जागा नसते. गुडघा न वाकणाऱ्या माणसाला मोठ्या विमानाच्या रुंद शिडीपेक्षा या मोजक्या पायऱ्या जास्त छळतात. इंडिगो आपल्या विमानांना पायऱ्यांऐवजी उताराचे रॅम्प बरीच वर्षं वापरते. ही फार मोठी सोय आहे आणि तिचं श्रेय द्यायलाच हवं. तरी रॅम्प प्रत्येक उड्डाणाला लागेलच असं धरून चालू नये. तिकीट काढताना विमानाचा प्रकार लिहिलेला असतो. तिथे एटीआर दिसलं तर एस किंवा सी नक्की टाका.

सी कोडच्या प्रवाशासाठी आणखी एक खुर्ची लागते: आइल चेअर, विमानाच्या बोळातून जाणारी अरुंद खुर्ची. साधी व्हीलचेअर साठ-पासष्ट सेंटिमीटर रुंद असते आणि ए३२० मधला बोळ जेमतेम अर्ध्या मीटरचा. विमानतळाची खुर्ची दारातच थांबते, तिथून प्रवाशाला अरुंद खुर्चीत हलवतात, पट्टे बांधतात, आणि सीटशी पुन्हा एकदा उचलून बसवतात. या कामाला दोन माणसं लागतात. एकाने मागून काखेखालून प्रवाशाचे हात धरायचे, दुसऱ्याने मांड्यांखालून. एकटा माणूस ‘मी उचलतो’ म्हणाला तर नम्रपणे नाही म्हणा. खांदा निखळतो तो इथेच.

बोळाकडच्या सीटचा हात वर होतो का, हेही विचारून ठेवा. बऱ्याच सीटना हाताच्या खालच्या बाजूला, बिजागराजवळ एक छोटी कळ असते. ती दाबली की हात वर जातो आणि प्रवाशाला आडवं सरकवता येतं. ही कळ सगळ्या रांगांना नसते. अगदी पहिल्या रांगेत तर ट्रे हातातच बसवलेला असल्यामुळे हात पक्का असतो. म्हणजे ‘पुढची, ऐसपैस’ म्हणून जादा पैसे देऊन घेतलेली पहिली रांग सी प्रवाशाला उलट अडचणीची. आपत्कालीन दाराजवळची रांग तर मिळणारच नाही. तिथे सुरक्षेच्या कारणाने धडधाकट माणूसच बसवतात.

नियम काय म्हणतो

डीजीसीए, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, यांचा यासाठी स्वतंत्र नियम आहे: सेक्शन ३, सिरीज एम, पार्ट १. नुसतं ‘रूल आहे’ म्हणण्यापेक्षा हा आकडा सांगितला की काउंटरवरचा सूर बदलतो.

मदत हवी असल्यास उड्डाणाच्या ४८ तास आधी कळवायचं. टर्मिनलपासून विमानापर्यंत आणि उतरल्यावर विमानापासून बाहेरच्या दारापर्यंत नेणं ही विमान कंपनीची जबाबदारी, आणि अपंग किंवा हालचाल मर्यादित असलेल्या प्रवाशाकडून त्याचे पैसे घ्यायचे नाहीत. नियम फक्त अपंगत्वाचं प्रमाणपत्र असलेल्यांपुरता नाही. वय, आजारपण, ऑपरेशन यामुळे ज्याची हालचाल कमी झाली आहे असा कुणीही त्यात येतो. गुडघेदुखी असलेल्या आजीला युडीआयडी कार्ड (अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र) लागत नाही. ज्यांच्याकडे ते आहे त्यांनी मात्र जवळ ठेवावं, वाद लवकर मिटतो.

डॉक्टरचं पत्र कधी लागतं, याबद्दल सर्वांत जास्त गैरसमज आहेत. व्हीलचेअर हवी एवढ्या कारणावरून ते मागता येत नाही. संसर्गजन्य आजार, प्रवासात ऑक्सिजन किंवा वैद्यकीय उपकरण लागणं, विमानात प्रकृती बिघडण्याची शक्यता, अशा ठरावीक प्रसंगीच मागता येतं. पोलिओने पाय गेलेला पण एरवी ठणठणीत असलेला माणूस ‘फिट टू फ्लाय’ घेऊन फिरायला बांधील नाही.

मे २०२२ मध्ये रांचीला एका विशेष गरजा असलेल्या मुलाला विमानात घेतलं नाही, त्याबद्दल डीजीसीएने इंडिगोला ५ लाख रुपये दंड केला. त्यानंतर जुलै २०२२ मध्ये नियम सुधारला गेला. आता प्रवाशाची प्रकृती प्रवासात बिघडेल असं कंपनीला वाटलं, तर डॉक्टरने त्याला प्रत्यक्ष तपासून मत द्यायचं आणि त्यानंतरच कंपनीने निर्णय घ्यायचा. नाकारलं तर कारण ताबडतोब लेखी द्यायचं. ऑटिझम किंवा सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांच्या पालकांनी हे वाक्य पाठ करून ठेवावं: ‘डॉक्टर को बुलाइए, और मना करना है तो लिखकर दीजिए.’ इंदूरला काउंटरवर हिंदीच चालते, म्हणून हिंदीत दिलं.

या मुलांसाठी डीपीएनए असा वेगळा कोड आहे. अंध प्रवाशांसाठी बीएलएनडी, कर्णबधिरांसाठी डीईएएफ. नुसतं बोट धरून नेणारं कुणी हवं असेल, खुर्ची नको असेल, तर एमएएएस. घरात पहिल्यांदाच एकट्या निघालेल्या, चालायला खुटखुटीत पण बोर्डांच्या गर्दीत गोंधळणाऱ्या आजोबांना खरं तर हा शेवटचा कोड लागतो. आपण त्यांना उगाच खुर्चीत बसवतो, आणि जिला खरोखर गरज आहे तिची खुर्ची अडवतो. रांग चुकवायला व्हीलचेअर मागणाऱ्यांबद्दल बोलायचं तर वेगळा लेख लिहावा लागेल.

बुकिंग

इथे अंमलबजावणी ढिली आहे. चार ठिकाणी फसगत होते.

एक, विनंती प्रत्येक प्रवाशाची वेगळी असते. आई आणि बाबा एकाच पीएनआरवर असले तरी दोघांना खुर्ची हवी असेल तर दोन नोंदी लागतात. दोन, प्रत्येक टप्प्याची नोंद वेगळी. जाताना टाकली म्हणून येताना लागत नाही. मुंबईला विमान बदलायचं असेल तर दोन्ही उड्डाणांवर हवी. तीन, तिकिटं विकणाऱ्या त्रयस्थ वेबसाइटवर टाकलेली विनंती दर वेळी कंपनीपर्यंत पोचतेच असं नाही. कंपनीच्या स्वतःच्या साइटवर पीएनआर उघडून पाहा. तिथे प्रवाशाच्या नावापुढे व्हीलचेअर दिसली तरच ती आहे. चार, कंपनीने वेळ बदलली किंवा तुम्ही तारीख पुढे ढकलली, की जुनी विनंती नव्या उड्डाणावर आली का हे पुन्हा तपासायचं. बहुतेकांची गाडी इथेच घसरते, कारण तिकीट बदलल्याचा मेसेज येतो पण व्हीलचेअर गळाल्याचा येत नाही.

दोन दिवस आधी कॉल सेंटरला फोन करून कोड विचारून घ्या. ‘व्हीलचेअर लगी है?’ असं विचारू नका. उत्तर ‘हाँ जी’ येणारच. ‘कोड आर है, एस है या सी?’ असं विचारा. बोलणाऱ्याचं नाव, तारीख आणि वेळ तिकिटाच्या प्रिंटवर पेनने लिहा.

इंदूरचं टर्मिनल

राजवाड्याकडून येणाऱ्यांना बडा गणपती, कालानी नगर करत एअरपोर्ट रोडने यावं लागतं आणि तो रस्ता कधी तुंबेल याचा नेम नाही. देशांतर्गत उड्डाणाचा काउंटर बहुतेक कंपन्या ६० मिनिटं आधी बंद करतात. व्हीलचेअर प्रवाशाने उड्डाणाच्या दोन तास आधी दारात असावं. सी कोड किंवा बॅटरीची खुर्ची असेल तर अडीच तास. वेब चेक-इन केलेलं असलं तरी काउंटरवर जावंच लागतं, कारण खुर्ची आणि ती ढकलणारा माणूस तिथूनच नेमला जातो.

टर्मिनलची जमेची बाजू म्हणजे आकार. दिल्ली-मुंबईसारखं इथे किलोमीटरभर ढकलत नेत नाहीत. दारापासून काउंटर जवळ, तिथून लिफ्ट, सुरक्षा तपासणी आणि गेट. उणी बाजू ही, की खुर्च्या आणि माणसं कंपनीगणिक मोजकी असतात. सकाळी किंवा संध्याकाळी दोन-तीन उड्डाणं एकापाठोपाठ असली की एकच पोऱ्या तिघांना आळीपाळीने नेतो. एका आजींना गेटपाशी सोडून तो दुसऱ्यांना आणायला जातो. यात गैर काही नाही, पण आजींना फोन हातात हवा, पाण्याची बाटली हवी, आणि गेटचा क्रमांक त्यांना स्वतःला माहीत हवा. गेट बदललं तर घोषणा ऐकून त्यांनीच कुणाला तरी सांगायचं असतं.

स्वच्छतागृहाचं काम सुरक्षा तपासणीच्या आधी, काउंटर झाल्या झाल्या उरकून घ्या. ढकलणाऱ्याला तेव्हा सांगणं सोपं असतं. गेटवर एकदा सोडून गेला की त्याला शोधावं लागतं.

तिकीट नसलेले नातेवाईक दारातच थांबतात. म्हणून दारातच सांगा की व्हीलचेअर हवी आहे, आणि खुर्ची येईपर्यंत गाडी हलवू नका. ओळखपत्र, तिकीट, औषधांची चिठ्ठी आणि दोन फोन नंबर एका पारदर्शक पाकिटात घालून प्रवाशाच्या गळ्यात अडकवा. लहान मुलासारखं वाटतं, पण पर्समध्ये शोधाशोध करण्यात जाणारी दहा मिनिटं वाचतात.

टिप द्यावी का? सेवा फुकट आहे, मागणं चुकीचं. कुणी आपणहून ५० रुपये दिले तर तो त्यांचा प्रश्न. पण आजींच्या हातात सुटे पैसे देऊन ‘त्याला दे गं’ असं आधीच पढवून पाठवणं बंद करावं. पुढच्या माणसाकडून तीच अपेक्षा होते.

तपासणी

सुरक्षा सीआयएसएफकडे, म्हणजे केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे आहे. गुडघा किंवा खुबा बदललेला असेल तर चौकटीतून जाताना वाजणार म्हणजे वाजणार. आधीच सांगा: ‘घुटने में इम्प्लांट है.’ मग हातातल्या यंत्राने आणि हाताने चाचपून तपासतात. इम्प्लांटचं कार्ड असलं तर दाखवा, पण कार्ड दाखवलं म्हणून तपासणी टळत नाही. पेसमेकर असेल तर तेही आधी सांगायचं आणि हाताने तपासण्याची विनंती करायची.

खुर्चीतून उठता येत नसेल तर बसूनच तपासणी होते. खुर्चीची उशी, बाजूच्या पिशव्या, काठी, वॉकर एक्स-रेमधून जातात किंवा कापडाची पट्टी फिरवून स्फोटकांसाठी तपासतात. काठी यंत्रात गेली की प्रवाशाला उभं ठेवू नये, बसायला खुर्ची मागावी. कृत्रिम पाय काढून यंत्रात टाकण्याच्या आग्रहावरून ऑक्टोबर २०२१ मध्ये नृत्यांगना सुधा चंद्रन यांनी जाहीर तक्रार केली होती आणि सीआयएसएफने माफी मागितली होती. कपडे सैल करावे लागणार असतील तर बंद खोलीत, प्रवाशाच्याच लिंगाच्या कर्मचाऱ्याकडून तपासणी मागता येते. पाय काढायचाच झाला तरी तो तिथेच, आडोशाला.

औषधं सगळी केबिनच्या पिशवीत, मूळ पाकिटात, चिठ्ठीसह. इन्सुलिन तर कधीच खालच्या सामानात नको. आणि पुण्याच्या नातवासाठी नेलेलं मिरचीचं लोणचं केबिनमध्ये नेऊ देत नाहीत. ते चेक-इनच्या बॅगेत, दोन पिशव्यांत बांधून.

स्वतःची खुर्ची आणि तिची बॅटरी

हाताने चालणारी घडीची खुर्ची सामानाच्या मर्यादेत धरत नाहीत, ती फुकट जाते. ती काउंटरवर देऊन विमानतळाची खुर्ची घ्यायची, की विमानाच्या दारापर्यंत आपलीच वापरायची, हे विचारण्याचा हक्क तुमचा आहे. दारापर्यंत न्यायची असेल तर तसा टॅग लावून घ्या आणि उतरल्यावर ती दाराशी हवी की बेल्टवर हेही त्यावर लिहून घ्या. उशी, पायटे (पाय ठेवायच्या पट्ट्या), सुटे हात, जे जे हाताने निघतं ते काढून केबिनमध्ये न्या. पायटेच सर्वांत जास्त हरवतात. देण्यापूर्वी चारही बाजूंनी फोटो काढा.

बॅटरीची खुर्ची असेल तर काउंटरवरचा पहिला प्रश्न बॅटरी कुठली हा असतो. जेल किंवा कोरडी, न सांडणारी असेल तर ती खुर्चीलाच पक्की राहते. फक्त वीजप्रवाह तोडलेला आणि टोकं झाकलेली हवीत. लिथियम असेल तर ती काढता येते का हे पाहतात. घडीच्या हलक्या खुर्च्यांची बॅटरी बहुधा काढता येते आणि मग ती काढून केबिनमध्येच न्यावी लागते. मर्यादा एका बॅटरीला ३०० वॉट-तास, किंवा दोन असतील तर प्रत्येकी १६०. हिशेब सोपा आहे: व्होल्ट गुणिले अँपिअर-तास. २४ व्होल्ट, १२ अँपिअर-तास म्हणजे २८८, चालेल. २४ व्होल्ट, २० अँपिअर-तास म्हणजे ४८०, काढता येणारी असेल तर नाही चालणार. स्वस्त खुर्च्यांच्या बॅटरीवर वॉट-तास छापलेलेच नसतात आणि नेमकं तिथेच उड्डाण अडतं. विकत घेतानाच दुकानदाराकडून तसं पत्रक घ्या. प्रवासाआधी ते पत्रक, खुर्चीचं वजन आणि घडीची मापं कंपनीला मेल करा. एटीआरच्या छोट्या मालदारातून खुर्ची जाते का, हे त्यावरूनच ठरतं.

खुर्ची मोडून आली तर विमानतळ सोडण्यापूर्वी लेखी नोंद करून घ्या, आणि सात दिवसांच्या आत लेखी दावा पाठवा. देशांतर्गत सामानाच्या भरपाईची कमाल मर्यादा सरकारच्या प्रवासी सनदेत (विमान प्रवाशांच्या हक्कांच्या पत्रकात) २०,००० रुपये दिली आहे. लाखभराच्या खुर्चीला ती पुरत नाही, म्हणून देतानाच जास्त किंमत जाहीर करून त्याचं शुल्क भरण्याची सोय आहे का, ते विचारा.

प्रकृती

विमानाच्या आतला दाब समुद्रसपाटीसारखा नसतो. तो सुमारे ८,००० फूट उंचीवरच्या हवेइतका असू शकतो. फुप्फुसाचा किंवा हृदयाचा आजार असलेल्या आणि बोटावरच्या यंत्रात घरबसल्याच ऑक्सिजनचा आकडा ९२ च्या खाली येणाऱ्या माणसाने डॉक्टरला विचारल्याशिवाय तिकीट काढू नये. घरचा ऑक्सिजन सिलिंडर विमानात नेता येत नाही. हलवता येणारा कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन वेगळा करणारं यंत्र) चालतो, पण कंपनीची आधी मंजुरी लागते, आणि बॅटरी उड्डाणाच्या वेळेच्या दीडपट पुरेल इतकी हवी. पुण्याचं उड्डाण तासाभराचं म्हणून दीड तासाची बॅटरी नेऊ नका. उशीर धरून चार-पाच तासांची न्या.

ताज्या प्लास्टरचंही ध्यानात ठेवा. घालून ४८ तास झाले नसतील तर आत सूज वाढून रक्तप्रवाह अडू शकतो, म्हणून ते लांबीत चिरलेलं असावं लागतं.

केबिन क्रू स्वच्छतागृहाच्या दारापर्यंत मदत करेल, जेवणाचं पाकीट उघडून देईल. भरवणं, इंजेक्शन देणं, आत जाऊन मदत करणं त्यांचं काम नाही. ए३२० च्या स्वच्छतागृहात दुसरा माणूस मावतही नाही. सी प्रवाशाने डायपर घालून आणि कॅथेटरची पिशवी रिकामी करूनच बसावं.

उतरताना

चढताना व्हीलचेअर प्रवासी पहिला, उतरताना शेवटचा. हे आधीच सांगून ठेवलं नाही तर आई-बाबा सगळ्यांबरोबर उठतात आणि दारात उभे राहतात.

विमान सुटल्यावर मूळ विमानतळावरून पुढच्या विमानतळाला विशेष प्रवाशांची यादी जाते. इंदूर-पुणे इतकं जवळ आहे, की यादी पोचून माणसं जमवायला वेळ थोडाच उरतो. त्यात ऐन वेळी काउंटरवर मागितलेल्या खुर्च्यांची भर पडली, की दारात सहा प्रवासी आणि तीन खुर्च्या. उतरण्याच्या पंधरा-वीस मिनिटं आधी क्रूला आठवण करून द्या: कोड कुठला, किती जण. आणि खुर्ची दाराशी दिसेपर्यंत सीट सोडू नका. ‘थोडंच आहे, चला चालत’ असं कुणीही म्हटलं तरी नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये मुंबई विमानतळावर एका ८० वर्षांच्या प्रवाशाचा असाच चालताना मृत्यू झाला. पती-पत्नी दोघांनी खुर्च्या मागितल्या होत्या, मिळाली एक. डीजीसीएने एअर इंडियाला ३० लाख रुपये दंड केला आणि सगळ्या कंपन्यांना पुरेशा खुर्च्या ठेवायला बजावलं.

इंदूरला परतताना बेल्टवर सामान येईपर्यंत ढकलणाऱ्याला सोडू नका. त्याचं काम बाहेरच्या दारापर्यंत आहे. घ्यायला आलेल्या गाडीला सामान हातात आल्यावरच फोन करा, नाहीतर गाडी फिरत राहते आणि पोऱ्या घाईत खुर्ची रिकामी करून मागतो.

गुण

पाचपैकी: नियमाला साडेचार, बुकिंगला अडीच, इंदूरहून निघताना साडेतीन, उतरताना दोन. सी कोडच्या प्रवाशाला निघतानाचाही अर्धा गुण कमी धरा, कारण त्याचं सगळं काम दोन शिकलेली माणसं त्या वेळी हजर आहेत का यावर ठरतं.

काही बिघडलं तर आधी तिथल्या ड्यूटी मॅनेजरकडून लेखी घ्या. मग कंपनीच्या नोडल (तक्रारी पाहणाऱ्या) अधिकाऱ्याला मेल, उत्तर नाही आलं तर तिच्याच अपील अधिकाऱ्याला. सोबत सरकारच्या एअरसेवा पोर्टलवर किंवा अ‍ॅपवर तक्रार नोंदवून क्रमांक घ्या. अपंगत्वामुळे नाकारलं असेल तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याखाली आयुक्तांकडेही जाता येतं. तक्रारीत रागावण्यात ओळी घालवू नका. पीएनआर, कोड, ४८ तासांपूर्वीच्या फोनची तारीख, खुर्ची मागितल्याची आणि मिळाल्याची वेळ, आणि फोटो. तिकिटाच्या प्रिंटवर पेनने लिहून ठेवलेलं नाव इथे कामाला येतं.